मापांची वही

माझं पहिलं लेखन आईच्या मापांच्या वहीत आहे. नागपूरच्या महाल भागात आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातली पुढची आईच्या शिवणाची. मी चौथीत गेले तेव्हापासून आई टेप लावून आकडा सांगायची आणि मी तो वहीत लिहायचे. उंची 14, छाती 36, कंबर 32, मुंढा 16, दंडघेर 12, पुढचा गळा 7. एका पानावर एक बाई. वर नाव, खाली आकडे, कोपऱ्यात आईनं सांगितलेली खूण: उजवा खांदा उतरता, पाठीत बाक, मोठा गळा नको म्हणते. पुन्हा ब्लाऊज शिवायला आली की तेच पान काढायचं आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहायचा. एकेका बाईची वीस-वीस वर्षं त्या पानांवर उतरली आहेत. बाळंतपणं, आजारपणं, उपासतापास, सगळं इंचांत.

आईचा एक नियम होता. खोलीत दुसरी कोणी बसली असेल तर ती आकडा तोंडानं बोलायची नाही. टेपवर अंगठा दाबून ती टेप माझ्यापुढे धरायची आणि मी मुकाट्यानं लिहायचे. या नियमाचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका बाईनं मोजली. त्याबद्दल पुढे लिहिते.

माप देताना बायका बोलतात. दोन्ही हात थोडे उचललेले, नजर समोरच्या भिंतीवर, अंगाला कोणाचा तरी हात लागतो आहे पण तो हात काही मागत नाही. अशा वेळी आतलं बाहेर येतं. "मागच्या दिवाळीपेक्षा किती वाढलं व वहिनी?" "जरा ढिलं राहू द्या, यांना तंग घातलेलं चालत नाही." भर उन्हाळ्यात कोणी "बाही कोपरापर्यंत घ्या" म्हणाली की आई एकदा तिच्या दंडाकडे बघायची आणि काहीही न विचारता बाहीची उंची 10 सांगायची. भिंतीला मोठा आरसा होता. तरी नवा ब्लाऊज अंगात घातल्यावर बायका आरशाच्या आधी सोबत आलेल्या माणसाकडे बघायच्या. सासूकडे, नणंदेकडे, कधी आठ वर्षांच्या मुलीकडे. मग आरशात. शरीर आणि नाती या विषयावर आज मी लिहिते, गोष्टी सांगते, त्यावर पोट भरते. हा विषय मला त्या एका नजरेत मिळाला.

स्वतःच्या शरीराशी माझी ओळख मात्र रस्त्यावर झाली. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात, काळी आणि पिवळी. 1880 च्या दशकापासून ही प्रथा चालू आहे. बांबू-कागदाच्या त्या प्रचंड बाया गावाची रोगराई, संकटं सोबत घेऊन इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून जातात आणि शेवटी जाळल्या जातात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो. लहानपणी मला हा दिवस दिवाळीपेक्षा प्रिय होता. सातवीत असताना एका सकाळी शाळेत निघाले तर गल्लीतल्या पोट्ट्यांनी मला पाहून तोच गजर सुरू केला. मी रंगानं काळी, अंगानं वर्गात सगळ्यांत मोठी. पोळा होऊन दोन महिने झाले होते. त्यानंतर कितीतरी वर्षं मारबतीच्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून घरात पडून राहिले.

आईला कारण ठाऊक होतं. ती कोणाशी भांडली नाही. मला जवळही घेतलं नाही, ते तिला जमत नाही. दोन रात्री जागून तिनं मला गडद निळा, घेरदार सलवार-कुडता शिवून दिला. दंड झाकणारा, कमरेला कुठेही न टेकणारा. त्यात मी दिसेनाशी झाले आणि मला बरं वाटलं. माझ्यासाठी प्रेम आणि लपवणं एकमेकांना जोडलं गेलं ते त्या शिवणीत.

एम. ए. मराठी झाल्यावर मी धंतोलीतल्या एका जाहिरात कार्यालयात काम केलं आणि 2014 मध्ये ते सोडून घरून लिहायला लागले. शब्दाला 40 पैसे. शेजारच्या काकूंना मी घरीच असते म्हणून त्यांचा गॅस सिलिंडर मी उतरवून घ्यावा असं वाटायचं. कामं जी मिळायची ती बहुतेक शरीराचीच: वजन कमी करणारी केंद्रं, केसगळतीवरची तेलं, गोरेपणाची मलमं. लग्नसराईच्या तोंडावर "लग्नाआधी 10 किलो कमी" हा मथळा मी वेगवेगळ्या केंद्रांसाठी फिरवून फिरवून लिहिला आहे. भारतीयांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की वजन जास्त, हे वाक्य माझ्या बोटांना पाठ होतं. एका रात्री वाचताना कळलं की हे गुणोत्तर 19व्या शतकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं काढलं आणि तो 'सरासरी माणूस' शोधत होता. एका माणसाचं आरोग्य जोखणं हा त्याचा हेतू नव्हता. मी ते मजकुरात घातलं. ग्राहकानं काढून टाकलं. मी वाद घातला नाही, महिन्याचे हप्ते होते.

त्याच दिवसांत माझा बायोडेटा फिरत होता. उंची 5 फूट 3 इंच, रंग गव्हाळ. आईच्या हस्ताक्षरात. एकदा पाहायला आलेल्या मुलाची मावशी पोहे खाता खाता म्हणाली, "चेहरा गोड आहे हो. थोडं कमी करून घ्या, म्हणजे झालं." ब्लाऊजची शिवण आत घ्यायला सांगावं तसं. आई आपल्या टाक्याला नाव ठेवलेलं कधी ऐकून घेत नसे. त्या दिवशी तिनं मान खाली घातली आणि बशीतला शेवेचा चुरा बोटानं गोळा करत राहिली.

ते मी लिहिलं. 2016 मध्ये, एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी, 1100 शब्द. त्याआधी दोन ठिकाणांहून लेख परत आला होता, आपल्या वाचकांना हे असलं चालत नाही म्हणून. मला ते खरं वाटेना. आमच्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी बाईला तोलायचं माप पुरुषाला का लावत नाही, हे 1882 मध्ये छापून विचारलं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले अंगावर घेऊन. मराठीत शरीरावर लिहिण्याला जागा आहे, ती मागून घ्यावी लागते, एवढंच.

लेख गाजला. तीन दिवस फोन येत होते. मानधन 1500 रुपये, चार महिन्यांनी आलं.

त्या लेखात एक परिच्छेद आईच्या एका गिऱ्हाईक बाईवर होता. तिच्या ब्लाऊजमध्ये आई एक खास बदल करून द्यायची. काय बदल आणि कशासाठी, ते मी तेव्हा सविस्तर लिहिलं होतं. इथे लिहिणार नाही. नाव बदललं, वस्ती गाळली, एवढ्यानं भागतं असं मला वाटलं. पण तो बदल तिच्या घरात ज्यांना माहीत नव्हता आणि ज्यांनी तिला लपूनछपून कपडे वाळत घालताना पाहिलं होतं, त्यांना तो परिच्छेद वाचून सगळं जुळवता आलं. चौथ्या दिवशी ती आली आणि न शिवलेली दोन कापडं परत घेऊन गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

आई अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तुह्या दुःखाचं तू लिही. माह्या चुकीचंही लिही, गव्हाळ मीच लिहिलं होतं. पण तिचं माप तिचं होतं. मी कधी तोंडानं बोलली का?"

मी त्या बाईच्या घरी गेले. तिनं जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "जा बाळा, मला काही बोलायचं नाही." मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. ती पुन्हा कधी आली नाही आणि तिनं यायलाच हवं असं मानायचा मला हक्क नाही. तिचं पान वहीत अजून आहे. आईनं ते फाडलं नाही.

आठ महिने मी स्वतःचं काही लिहिलं नाही. फक्त 40 पैशांचं.

पुन्हा लिहायला लागले तेव्हा कामाची पद्धत बदलली होती, आणि नवीन लिहिणाऱ्या मुली मला विचारतात तेव्हा मी सगळ्यांत जास्त वेळ यावरच बोलते. ज्याची गोष्ट आहे त्याच्यासमोर बसून पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचायचा. पाठवायचा नाही, वाचायचा, कारण कागदाला लोक भिडेखातर होकार देतात आणि ऐकताना चेहरा खरं सांगतो. मग महिनाभर थांबायचं. "नाव बदलू का?" हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी विचारते, "हे वाचून तुम्हाला कोण ओळखेल? आणि ओळखलं तर त्या रात्री घरात काय होईल?" या दुसऱ्या प्रश्नानंतर निम्म्या गोष्टी माझ्या हातून जातात. जाऊ देते. शेवटच्या क्षणापर्यंत होकार मागे घेता येतो आणि कारण विचारायचं नाही.

एका गृहस्थांनी तो तसा मागे घेतला होता. नवतपा चालू होता, पारा 45 च्या वर, आणि ते अंगात दोन बनियन आणि वर शर्ट घालून माझ्यासमोर बसले होते. वयात येताना हार्मोनच्या चढउतारामुळे पुष्कळ मुलांची छाती थोडी वाढते, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते. यांची बसली नाही. शाळेत चड्डीच्या खिशातून पैसे काढून मुलं त्यांना "दूध दे" म्हणायची. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी बायकोसमोर त्यांनी उजेडात शर्ट काढला नव्हता. बायकोची समजूत होती की आपण त्यांना आवडत नाही. दोघं एकाच पलंगावर आपापल्या शरीराची लाज घेऊन झोपत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दोष आपल्यातच आहे. मी ही गोष्ट सांगायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला, नको. मी ती काढली. दीड वर्षानं ते स्वतः आले, सोबत बायको होती. म्हणाले, आता सांगा, पण वय आणि व्यवसाय बदला. इथे जे लिहिलं आहे ते दोघांनी ऐकलं आहे.

स्वतःच्या गोष्टीसाठीही असाच होकार मागितला, फक्त वाचून न दाखवता पाठवून. चार वर्षं माझं एकावर प्रेम होतं. तो हुशार होता, मायाळू होता, माझे लेख माझ्याआधी पाठ करायचा. आम्ही फुटाळा तलावावर भेटायचो, नेहमी मधल्या वारी, दुपारी. रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर सगळं नागपूर असतं. त्या चार वर्षांत आम्ही एकदाही रविवारी गेलो नाही, आणि हे मला तेव्हा दिसलं नाही. नातं संपल्यावर मी त्याच्यावर नव्हे, तलावावर लिहायला बसले होते, दुपारचं पाणी कसं दिसतं ते. लिहिता लिहिता थांबले: मला संध्याकाळचं पाणी का लिहिता येत नाही? ती गोष्ट पूर्ण केली, त्याला पाठवली. तीन दिवसांनी त्याचा "चालेल" एवढाच निरोप आला. मी त्याला दोष देत नाही. त्याला मी आवडत होते आणि माझ्यासोबत दिसायची त्याला भीती वाटत होती. दोन्ही एकाच माणसात राहू शकतं. हे मला कोणत्याही लेखानं शिकवलं नव्हतं.

लिहिण्याकडून सांगण्याकडे मी 2018 मध्ये वळले. छापलेलं कोण वाचतं आहे ते मला दिसत नाही. समोर बसलेली बाई पदर ओढून घेते ते दिसतं, मग मी वेग कमी करते, कधी वाक्य गिळते. सुरुवात नंदनवन वस्तीतल्या एका गच्चीवर झाली, भुलाबाईच्या दिवसांत, चौदा बायका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात: झाकलेला डबा हलवायचा आणि आत काय ते सांगायचं. मी तोच खेळ घेतला. प्रत्येकीनं आपल्या शरीराबद्दल ऐकलेला, अजून न विसरलेला एक शब्द चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. फोन आधी परातीत जमा. डबा फिरला की एक चिठ्ठी काढायची आणि हा शब्द कोण म्हणालं असेल ते ओळखायचं, कोणाबद्दल ते नाही. डांबर. वाळकी काडी. पिठाची गोणी. नकटी. आणि पुन्हा पुन्हा उत्तर यायचं: आई. मावशी. मोठी बहीण. नवरा. अनोळखी माणसाचे शब्द फार थोडे होते.

एका चिठ्ठीवर 'सुंदर' लिहिलं होतं. सगळ्या थबकल्या. एक गोरी, उंच बाई हळूच म्हणाली, माझी आहे. चौदाव्या वर्षापासून तिला कोणी दुसरं काही म्हटलं नव्हतं. शाळेत गणितात पहिली येत होती, घरात बोलणं स्थळांचं व्हायचं. आता नवरा तिला एकटीला भाजीबाजारातही पाठवत नाही. हे सांगायला तिनं मला परवानगी दिली आहे, तिच्या अटीवर: गणिताचं सांगायचं, गाळायचं नाही.

पुढे या बैठकींत शरीराचा नकाशाही आला. खाकी कागदावर आडवं व्हायचं, दुसरीनं भोवती रेघ काढायची, मग त्या आकृतीत आपण आपल्या जखमा, आठवणी, ताकद रंगवायची. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या बायकांसोबत झालेल्या कामातून ही रीत पसरली आहे. रेघ काढणारीचा हात कसा चालतो ते बघावं. सासू-सून जोडीनं आल्या होत्या एकदा. सासूनं सुनेभोवती इतकी सावकाश रेघ काढली की खडू दोनदा तुटला.

जून 2020 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरनं आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' काढायचं जाहीर केलं आणि जुलैत ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. माझ्या एका छोट्या ग्राहकानंही लगेच कळवलं, आपल्या जुन्या सगळ्या मजकुरात 'गोरेपणा'च्या जागी 'तेज' करून द्या. ते सगळं लेखन माझंच होतं. मी शब्द बदलत गेले. 'सात दिवसांत गोरेपणा' चं 'सात दिवसांत तेज' झालं, 'गोरी वधू' ची 'तेजस्वी वधू' झाली. एकही वाक्य मोडलं नाही, एकाही वाक्याला दुसरी दुरुस्ती लागली नाही. बत्तीस पानं संपवून मी त्यांना बिल पाठवलं आणि सोबत लिहिलं की यापुढे हे काम करणार नाही. तेव्हा माझ्या मिळकतीचा तिसरा हिस्सा तिथून येत होता. टाळेबंदीचे दिवस होते, गोष्टींच्या बैठकी बंद होत्या. आरोग्याच्या पत्रकांची भाषांतरं करून दोन वर्षं काढली. आता एक पाक्षिक सदर आहे, महाविद्यालयांतली सत्रं आहेत, महिन्याला दोन-तीन बैठकी. काही महिने निभतात, काही निभत नाहीत. त्या महिन्यांत मी आईच्या ब्लाऊजना हुक लावते, पिकोला दिलेल्या साड्या आणून देते.

आई आता सत्तरीला आली आहे. माझं लेखन ती वाचत नाही, मला वाचून दाखवायला सांगते आणि ऐकताना काज करत बसते. गव्हाळचा भाग आला की हात थांबतो. मी दर वेळी विचारते, काढू का? ती मान हलवते, राहू दे.

मागच्या महिन्यात एक मुलगी लग्नाचे ब्लाऊज शिवायला आली. बाकावर दुसरी एक बाई आपला नंबर येण्याची वाट बघत बसली होती. मी वही घेऊन बसले. आईनं मुलीच्या पाठीवरून टेप घेतली तशी ती भिंतीकडे बघत हळू आवाजात बोलायला लागली, होणाऱ्या नवऱ्यानं काय अट घातली आहे ते. मध्येच थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिता ना? हे कुठे..."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "विचारल्याबिगर नाही लिहीत ते."

मग तिनं टेपवर अंगठा दाबला आणि टेप माझ्यापुढे धरली. मी आकडा वहीत लिहिला.